विसरण्याचं माप

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



आपल्या बोलीत विसरणाऱ्या माणसासाठी शब्दांची कमतरता नाही. विसराळू, विसरभोळा, ‘साठी बुद्धी नाठी’, ‘म्हातारपणी चळ लागला’. आमच्या घरच्या दखनीत ‘सठिया गया’ म्हणतात. हे सगळे शब्द हसत हसत उच्चारले जातात आणि हसण्याबरोबरच विषय संपतो. मी कविता लिहिणारा माणूस, त्यामुळे शब्दांकडे माझं लक्ष अंमळ जास्त असतं. या शब्दांत वय आहे, थट्टा आहे, थोडी कीवही आहे. आजार मात्र एकातही नाही. जो आजार बोलीत नाही, तो घरात येऊन बसला तरी ओळखू येत नाही.

या आजाराला डॉक्टर डिमेन्शिया म्हणतात. मराठीत स्मृतिभ्रंश. मी डॉक्टर नाही. जालना जिल्ह्यातल्या घरांमध्ये, ओसरीवर, बाजारात जे पाहिलं आणि जाणत्यांना विचारून, वाचून जे समजून घेतलं, तेवढंच आज तुमच्यापुढे ठेवतो.

आधी एक भीती दूर करू. विसरणं हा काही दर वेळी आजार नसतो. नमाज पढताना किती रकाती झाल्या हे भल्याभल्यांच्या ध्यानातून जातं. म्हणून तर धर्मानंच त्यावर तोड सांगून ठेवली आहे, सज्दा-ए-सह्व. विसर पडला म्हणून शेवटी करायचे दोन जादा सजदे. हरिपाठ म्हणताना एखादं चरण सुटतं आणि शेजारचा टाळकरी सावरून घेतो. वय वाढलं की डोकं जरा सावकाश चालतं. समोरून आलेल्या माणसाचं नाव चटकन आठवत नाही, तासाभरानं चहा पिताना आपोआप आठवतं. दळण गिरणीवर ठेवलं आणि आणायचं राहिलं. हे विसरणं तुमचं, माझं, सगळ्यांचं आहे.

काळजीचं विसरणं निराळं असतं. जालन्याच्या मोंढ्यात चाळीस वर्षं तोंडी हिशेब केलेला माणूस शंभराच्या नोटेचे सुटे मोजताना अडखळू लागतो. बदनापूरहून दर आठवड्याला एसटीनं येणारी आजी एक दिवस स्टँडवर उतरते आणि कोणत्या बाजूला वळायचं हेच तिला उमगत नाही. मोसंबीची बाग पोटच्या पोरासारखी वाढवलेला शेतकरी बागेला ताण दिलाय की पाणी सोडलंय यात गोंधळतो. एकच प्रश्न पाच मिनिटांत तीनदा विचारला जातो आणि आधी विचारल्याची आठवणच नसते. बोलताना वस्तूंची नावं निसटतात, ‘ते हे दे, ते आपलं हे’ असं बोलणं वाढतं. पैसे तांदळाच्या डब्यात ठेवले जातात आणि सापडले नाहीत की सुनेवर चोरीचा आळ येतो. कुणी एकदम अबोल होतो, कुणी संशयी. लग्नकार्याला पुढे असणारी बाई गर्दी टाळू लागते.

या सगळ्यांत एक समान गोष्ट आहे. माणूस जे आयुष्यभर सहज करत आला, जे त्याच्या हातात बसलेलं होतं, तेच त्याला जमेनासं होतं. कुठल्याही घरानं ओळखायची खूण हीच. शेजारच्या म्हाताऱ्याशी तुलना करू नका. त्या माणसाची तुलना त्याच माणसाशी करा, दोन वर्षांपूर्वीच्या.

हे मला माझ्या एका खालामुळे कळलं. अंबड तालुक्यातल्या एका गावात ती राहायची. शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. पण रमजान ईदच्या आधी सगळ्या गल्लीच्या शेवया तिच्या हातच्या असायच्या. कणकेत पाणी किती, मीठ किती, पीठ किती वेळ मुरू द्यायचं, हे ती कुणाला सांगू शकत नसे. तिच्या बोटांना माहीत होतं. आठवडी बाजाराची उधारी ती ओढणीच्या गाठींत ठेवायची. एक गाठ भाजीवाल्याची, एक किराण्याची. गाठ सुटली म्हणजे पैसे फिटले.

एका वर्षी शेवया तुटू लागल्या. पुढच्या वर्षी त्या खारट झाल्या, कारण मीठ दोनदा पडलं होतं. किराणावाला भला माणूस. तो घरी येऊन सांगून गेला की खालांनी एकाच उधारीचे पैसे दोनदा दिले. ओढणीला गाठी होत्या, पण कोणती कशाची हे तिला सांगता येत नव्हतं. आणखी एक गोष्ट तिच्या सुनेच्या लक्षात आली. खालाला काहीही विचारलं की ती आधी सुनेकडे मान वळवायची आणि हसून म्हणायची, ‘तूच बता ना बेटी.’ पाहुण्यांना ती मायेची रीत वाटे. डॉक्टर लोकांना ही खूण चांगली माहीत असते. उत्तर आठवत नाही, ते झाकायचं असतं, म्हणून माणूस सोबतच्या जिवलगाकडे वळतो.

औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, ज्या डॉक्टरांकडे तिला नेलं त्यांनी तिला तारीख विचारली नाही. साल विचारलं नाही, पंतप्रधानाचं नाव विचारलं नाही. ते तिला आधीही सांगता आलं नसतं. त्यांनी सुनेला समोर बसवलं आणि विचारलं, ‘दोन वर्षांपूर्वी या जे जे करायच्या, त्यातलं आता काय काय करत नाहीत?’ सुनेनं शेवयांपासून सुरुवात केली आणि गाठींपर्यंत आली. निम्मं निदान तिथेच झालं. उरलेलं रक्ततपासणी आणि मेंदूच्या स्कॅननं.

हा प्रश्न साधा वाटतो, पण त्यामागे मोठा विचार आहे. स्मृती तपासण्याच्या जगभरच्या चाचण्या लिहिता-वाचता येणाऱ्या माणसांसाठी बनल्या. वाक्य लिहा, आकृती काढा, शंभरातून सात वजा करत जा. आपल्याकडे शाळेत न गेलेला शहाणा माणूस अशा चाचणीत नापास होतो आणि धडधाकट असून आजारी ठरतो. उलटही घडतं. ‘अडाणीच आहे, तिला काय येणार’ असं म्हणून खरा आजार नजरेतून सुटतो. ही अडचण ओळखून १९९०च्या दशकात हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांमध्ये संशोधकांनी निरक्षर वृद्धांसाठी हिंदीतून वेगळी चाचणी तयार केली. वाक्य लिहून दाखवा म्हणण्याऐवजी ‘तुमच्या घराविषयी काही सांगा’ असं त्यात विचारलं जाई. माप बदललं, तेव्हा माणूस नीट मोजता आला.

लिहिणाऱ्या माणसाचं विसरणं कागदावर उमटतं. आयरिस मर्डोक या इंग्रजी कादंबरीकार बाईंची शेवटची कादंबरी १९९५ साली आली आणि त्यानंतर त्यांना अल्झायमर असल्याचं निदान झालं. १९९९ साली त्या वारल्या. पुढे संशोधकांनी त्यांच्या जुन्या आणि शेवटच्या कादंबऱ्यांतले शब्द ताडून पाहिले, तर शेवटच्या पुस्तकात शब्दसंपत्ती आटलेली दिसली. निदानाच्या आधीच ते त्यांच्या लेखनात उतरलं होतं. आमच्या खालाचं पुस्तक म्हणजे शेवया आणि ओढणीच्या गाठी. ते वाचायला शास्त्रज्ञ येणार नव्हते. ते घरातल्यांनीच वाचायचं असतं.

आता आत काय घडतं ते थोडक्यात सांगतो. डिमेन्शिया हे एका आजाराचं नाव नाही, अनेक आजारांतून येणाऱ्या अवस्थेचं ते नाव आहे. त्यात सर्वांत जास्त आढळतो तो अल्झायमर. जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या रुग्णालयात १९०१ साली एक्कावन्न वर्षांची एक बाई दाखल झाली. अलॉइस अल्झायमर हे तिथले डॉक्टर. ती गेल्यावर त्यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला, त्यात साचलेले थर आणि पेशींतले गुंते पाहिले आणि १९०६ साली ते डॉक्टरांच्या सभेत मांडलं. दुसरा मोठा प्रकार मेंदूच्या रक्तवाहिन्यांमुळे होतो. रक्तदाब आणि साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की मेंदूत लहान लहान झटके येऊन जातात, माणसाला कळतही नाहीत, आणि समज पायरी पायरीनं उतरत जाते.

अल्झायमरमध्ये सुरुवातीचा घाला बहुधा मेंदूच्या त्या भागावर पडतो जिथे नव्या आठवणी घडतात. जुन्या आठवणी इतरत्र पसरून मुरलेल्या असतात, त्या उशिरापर्यंत टिकतात. म्हणून सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, पण १९७२च्या दुष्काळात कोणत्या कामावर खडी फोडली, सुकडी कशी मिळायची, मिलोची भाकर घशाखाली कशी उतरायची नाही, हे सगळं तिखटमीठ लावून सांगता येतं. घरातले म्हणतात, ‘बघा, एवढं जुनं आठवतं, मग स्मृती कुठे गेली?’ लोकांची इथेच फसगत होते. जुनं आठवणं ही नवं आठवत असल्याची खात्री नव्हे.

आपल्या मराठवाड्यात याचं एक खास रूप मी पाहिलं आहे. काही वर्षांपूर्वी परतूरकडच्या एका मराठा घरात गेलो होतो. घरातले वृद्ध गृहस्थ निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेले. आयुष्यभर मराठीत बोलले, भजनात रमले. आजार वाढला तसे ते नातवांना उर्दूत हाका मारू लागले, आकडे उर्दूत मोजू लागले. पोरं घाबरली, काही बाधा झाली म्हणून अंगारे-धुपारे सुरू झाले. बाधा कसली, वरचा थर गळून पडला होता आणि बालपणीची शाळा उघडी झाली होती. मी त्यांच्याशी उर्दूत चार वाक्यं बोललो, तर ते हुशारून उठून बसले.

दोन भाषांच्या या ओझ्याचा फायदाही असावा. हैदराबादच्या निजाम्स इन्स्टिट्यूटमधल्या डॉ. सुवर्णा अल्लादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६४८ रुग्णांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध केला. दोन भाषा बोलणाऱ्यांमध्ये आजाराची लक्षणं सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झाल्याचं त्यात दिसलं. निरक्षर रुग्णांतही हा फरक होता. नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत असा फरक आढळलेला नाही, तरी नातवंडांशी एक भाषा आणि शेजाऱ्याशी दुसरी बोलायला कुणाचं काही खर्च होत नाही.

हा आजार किती जणांना आहे? देशभरातल्या वृद्धांच्या मोठ्या पाहणीवर आधारलेला अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. साठीपुढच्या दर शंभरांत सातांहून थोडे अधिक, देशात सुमारे ८८ लाख लोक. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जास्त, शहरापेक्षा खेड्यात जास्त, शिकलेल्यांपेक्षा न शिकलेल्यांमध्ये जास्त. म्हणजे सगळ्यांत जास्त धोका ज्या माणसाला आहे ती आपल्या भोकरदन, जाफराबाद, मंठ्याकडच्या खेड्यातली, शाळेत न गेलेली म्हातारी आहे. आणि ‘हिला काय कळतंय’ असं म्हणून तिच्याकडेच सगळ्यांत कमी लक्ष दिलं जातं.

कुणी विचारेल, बरा होत नाही तर मग लवकर ओळखून करायचं काय? याची तीन उत्तरं आहेत.

पहिलं, प्रत्येक विसरणं डिमेन्शिया निघत नाही. थायरॉइड मंदावला, ब-१२ जीवनसत्त्व कमी पडलं, मनाला उदासीनतेनं घेरलं, झोपेच्या गोळ्या किंवा आणखी काही औषधं जास्त झाली, तरी स्मृती मंदावते. यातलं बरंचसं उपचारानं सुधारू शकतं. कान गेले असतील तर ऐकूच आलेलं नसतं, मग आठवणार काय? आणि म्हातारा माणूस एक-दोन दिवसांत एकाएकी बरळू लागला, माणसं ओळखेना झाला, तर ते वय समजू नका. ताप, लघवीतला जंतुसंसर्ग, साखर उतरणं, अर्धांगाचा झटका असं काहीही असू शकतं. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

दुसरं, आजार निघालाच तर काही औषधांनी काही रुग्णांची लक्षणं थोडा काळ आवरता येतात. ती औषधं आजार मुळासकट उपटत नाहीत, हे स्पष्ट सांगायला हवं. चमत्काराचा दावा करणाऱ्यांपासून लांब राहा.

तिसरं उत्तर मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. सुरुवातीच्या काळात माणसाची समज शाबूत असते. आपल्या जमिनीचं, घराचं, बँकेतल्या पैशांचं काय व्हावं, आपल्याला कुणी सांभाळावं, हे तो स्वतः सांगू शकतो. निदानाला चार वर्षं उशीर झाला की ही मुभा निघून जाते आणि मग अंगठे उमटवून घेतले जातात. आपल्या भागात जमिनीचे भाव वाढले तसे हे प्रकार वाढलेले मी ऐकतो. कायद्याच्या दृष्टीनं करार करताना माणूस समजण्याच्या अवस्थेत असावा लागतो. ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थासाठी २००७ साली झालेल्या कायद्यात अशीही तरतूद आहे की सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता लिहून घेतली आणि सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतरण रद्द ठरवता येतं. त्यासाठी उपविभागीय अधिकाऱ्यांकडच्या न्यायाधिकरणात अर्ज करायचा असतो. पण कोर्टकचेरीपेक्षा, समज आहे तोवर सगळ्या मुलांना, मुलींनाही, समोर बसवून त्या माणसाचं ऐकून घेणं सोपं.

आता घरी काय करता येईल? भिंतीवर कॅलेंडर असतंच. तारखेच्या चौकटीत नातवानं दोन शब्द लिहावेत. ‘आजी रस्ता चुकली.’ ‘तोच प्रश्न चारदा.’ दोन-तीन महिन्यांचं हे टिपण आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या घेऊन आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात, तिथून गरजेप्रमाणे जिल्हा रुग्णालयात किंवा छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात जावं. मनाच्या आजारांसाठी १४४१६ हा टेलिमानसचा फुकट क्रमांक आहे, ज्येष्ठांच्या अडचणींसाठी १४५६७.

आणि बोलण्याची रीत. ‘आत्ताच तर सांगितलं!’ हे वाक्य घरातून काढून टाका. ज्याला आठवतच नाही त्याला हे वाक्य चापटीसारखं लागतं. दहाव्यांदाही पहिल्यांदा सांगितल्यासारखं सांगा. परीक्षा घेऊ नका, ‘ओळखा पाहू मी कोण’ म्हणू नका. जवळ बसा आणि स्वतःच सांगा, ‘अम्मी, मी आलो, तुमचा धाकटा.’ हाताला झेपेल ते काम ठेवा, शेंगा फोडणं, लसूण सोलणं, कपड्यांच्या घड्या. दिवसाचा क्रम मोडू नका. बाहेर निघून जाण्याची सवय असेल तर खिशात नाव, गाव आणि फोन नंबराची चिठ्ठी शिवून टाका.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ हा मराठी चित्रपट जमलं तर पाहा. डॉ. मोहन आगाशे यांनी त्यात संस्कृत पंडिताचं काम केलं आहे. सगळं विसरत चाललेला हा विद्वान रस्त्यात दिसलेल्या हत्तीमागे निघून जातो आणि माहुताची बायको त्याला सांभाळते. तिला त्याची विद्वत्ता ठाऊक नाही, आजाराचं नाव ठाऊक नाही. समोर एक भुकेला, भांबावलेला माणूस आहे एवढं तिला पुरतं. या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

पण सांभाळणारं माणूसही माणूसच असतं. बहुतेक घरांत ही सून किंवा मुलगी असते. तिची झोप मोडते, पाठ मोडते आणि चोरीचा आळही तिच्यावरच येतो. भावाबहिणींनी फोनवर सल्ले देण्याऐवजी महिन्यातले चार दिवस वाटून घ्यावेत. तिला त्या दिवशी माहेरी जाऊ द्या, झोपू द्या.

जे अजून पन्नाशी-साठीत आहेत, त्यांच्या हातात बरंच काही आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगानं २०२४ साली चौदा कारणं सांगितली. ती सगळी दूर करता आली तर जगातला सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया टाळता किंवा लांबवता येईल, असा त्यांचा अंदाज आहे. त्यात रक्तदाब आहे, साखर आहे, तंबाखूचं धूम्रपान आणि दारू आहे, बहिरेपण आणि अधू नजर आहे, डोक्याला लागलेला मार आहे, बसून राहणं आहे, एकटेपण आहे. बालपणी शाळा न मिळणंही त्यात आहे. म्हणजे आज एखाद्या पोरीला सातवीतून काढून ऊसतोडीला नेलं, तर तिच्या सत्तरीतल्या स्मृतीतूनही आपण काही काढून घेत असतो. मोटरसायकलवर हेल्मेट घाला. कानाला कमी ऐकू येत असेल तर यंत्र लावायला लाजू नका. मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकलू नका. पारावर, मशिदीच्या कट्ट्यावर, भजनात, मुशायऱ्यात, जिथे चार माणसं बसतात तिथे जाऊन बसा.

या आठवड्यात घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ अर्धा तास बसा. ते आयुष्यभर जे काम करत आले त्याबद्दल विचारा. पेरणीचं, शेवयांचं, हिशेबाचं, शिलाईचं. ऐकताना एवढंच बघा की हे काम त्यांना आज करून दाखवता येतं का, आणि दोन वर्षांपूर्वी येत होतं का. फरक दिसला, तर थट्टा न करता, उशीर न करता, त्यांना डॉक्टरांकडे न्या.